नायब सुभेदार मुलमुले, विभाग भिक्षुकी

सत्यनारायणाला आलेले भटजी दारात पाय ठेवताच काय विचारतात? पाट कुठे मांडला, पूर्व कुठली, फार तर चहा झाला का. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या सत्यनारायणाला जे भटजी आले त्यांनी विचारलं, "नफरी किती?"

नफरी म्हणजे हजर माणसांची संख्या, हे मला मागाहून कळलं. नागपुरात सक्करदऱ्याच्या पुढे तेव्हा घरांच्या प्लॉटांचे नवीन ले-आउट पडले होते, त्यातल्या एकात मी यवतमाळहून सून म्हणून नुकतीच आले होते. नफरी हा दक्षिणेचाच एखादा प्रकार असावा असं समजून मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बस आणि माणसं मोज. मी मोजली. त्या आकड्यावर भटजींनी शिऱ्याचं पातेलं मंजूर केलं, आंब्याचे डहाळे उलटसुलट करून पाहिले, माझ्या नवऱ्याची नखं तपासली आणि चौरंगावरच्या सुपाऱ्यांना हुकूम सोडला, "दाहिने सज." सुपाऱ्या अर्थातच हलल्या नाहीत. त्या त्यांनीच काठीच्या टोकाने सरळ रेषेत आणल्या. पण मग ज्या समाधानाने ते एक पाऊल मागे सरले त्यावरून सुपाऱ्यांनी ऐकलं असंच कोणालाही वाटावं. पाचही अध्याय त्यांनी एका दमात मारले. साधुवाण्याची नाव बुडाली तिथे गहिवरायलाही सवड दिली नाही. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तेव्हा सगळ्यांवर एकदा नजर फिरवून म्हणाले, "सगळ्याइले भेटला? मंग डिसमिस."

हे नायब सुभेदार गोविंद मुलमुले. उंची बेताची, छाती गरजेपेक्षा पुढे, आणि भटजीच्या तोंडावर सहसा नसते ती गोष्ट, म्हणजे मेण लावून पीळ दिलेली मिशी. मागे शेंडी होती, पण ती पन्नाशीच्या सुमारास राखायला घेतल्यामुळे कधी धड वाढली नाही. धोतराखाली पलटणीतले काळे बूट घालत, तेही बिनमोज्याचे, आणि सायकलवरून हिंडत. यजमानाच्या दाराशी बूट काढले की टाचेला टाच लावून ठेवत. आत पूजा चालू असायची आणि बाहेर ते बूट एकटेच सावधानमध्ये उभे असायचे.

मूळचे पारशिवनीकडचे. वडील गावचे भिक्षुक. संध्या चुकली म्हणून वडिलांनी एकदा पळीने हाणलं, त्या रागात हे घरातून निघाले ते थेट भरतीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढची पंचवीसेक वर्षं पलटणीत काढली आणि पेन्शन घेऊन नागपूरला येऊन आमच्या ले-आउटमध्ये घर बांधलं. इतर पेन्शनर घर बांधून झालं की कुंड्या लावतात. सुभेदारांनी भिक्षुकी शिकायला घेतली. वडिलांचं ऋण फेडायचं आहे, असं ते सांगत. माझं मत वेगळं होतं. ज्याने आयुष्यभर हुकूम सोडले त्याला घरी बसल्यावर हुकूम ऐकणारं कोणीतरी लागतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे कमलाकाकूंना, डाव्या कानाने ऐकू येत नसे, आणि नवरा बोलायला लागला की त्या डावी बाजू पुढे करून बसत. देव मात्र जागचा हलत नाही आणि उलट बोलत नाही.

शहरातल्या महाल भागातल्या एका म्हाताऱ्या शास्त्र्यांकडे ते शिकायला जाऊ लागले. फौजेत आवाज पोटातून काढायला शिकवतात, आणि तो पुन्हा आत घालायला कोणी शिकवत नाही. पुरुषसूक्त ते मैदानातल्या शेवटच्या ओळीला ऐकू जावं अशा बेताने म्हणत. शास्त्रीबुवांनी त्यांच्या उच्चारांना कधी नाव ठेवलं नाही. गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायला लागली आहे, एवढंच कळवलं, आणि अभ्यासक्रम आटोपता घेतला.

तरी सुभेदारांचं चाललं, आणि जोरात चाललं. कारण ते वेळेवर येत. वेळेवर येणारा भटजी आमच्याकडे कोणी पाहिलाच नव्हता. आमच्या भागात लग्नात घरची मंगलाष्टकं रचण्याचा रोग आहे. ज्या बाईला साधा निरोप धड लिहिता येत नाही तीसुद्धा भाचीच्या लग्नात शार्दूलविक्रीडितात शिरते. एका लग्नात नवरीच्या आत्याने नवरीच्या जन्मापासून सुरुवात केली. पोरगी रांगली, चालली, शाळेत गेली, मुहूर्ताची घटका भरत आली, आणि आत्याबाईंच्या हातातले कागद काही संपेनात. सुभेदारांनी घड्याळ पाहिलं आणि पोटातून हुकूम काढला, "थम." आत्याबाई थमल्या, बँडवाला थमला, आचाऱ्याचा झारा थमला. अंतरपाट वेळेवर खाली आला. आत्याबाई नंतर जाब विचारायला आल्या तेव्हा म्हणाले, "बाई, मुहूर्त तुमच्या भाचीसाठी थांबते काय? उरलेली पोरगी पंगतीत मोठी करजा." त्या दिवसापासून लग्नं त्यांच्याकडेच येऊ लागली. मांडवात भटजीसाठी मांडलेल्या मानाच्या आसनावर सुभेदार जसे बसत तसं मी कोणाला खुर्चीवरही बसलेलं पाहिलं नाही. मी त्याला आसनाचा माज म्हणायची. नवरा म्हणायचा, हळू बोल.

लढाईच्या गोष्टी सांगण्याचीही त्यांना हौस होती. पूजा आणि जेवण यांच्यामधल्या वेळात ब्रह्मदेशाचं जंगल निघायचं, चीनच्या सरहद्दीवरचा नेफाचा बर्फ निघायचा. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. मी शाळेत गणित शिकवते. काय आहे त्यापेक्षा काय नाही ते मला आधी दिसतं. त्या गोष्टींत शत्रू नव्हता. डाळीच्या गोण्या होत्या, फुगलेले डबे होते, कमी भरलेली ब्लँकेटं होती, ओल लागलेल्या काडेपेट्या होत्या. मी घरी येऊन म्हटलं, हा माणूस कोठीवर होता. नवरा म्हणाला, असेल, पण कोणाजवळ बोलू नको, ले-आउटला एक वीर लागतो.

त्या वीराची खरी किंमत एका घराला मोजावी लागली.

आमच्या ओळीतलं शेवटचं घर भुसारींचं. नाना भुसारी पोस्टातून निवृत्त झालेले, मऊ माणूस. भुसारीकाकू मऊ नव्हत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा माधव फौजेत बिनतारी यंत्रावर होता. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गेला असं आज मी म्हणते. तारेत तसं नव्हतं. तारेत 'मिसिंग' होतं. त्या शब्दाचा अर्थ विचारायला सगळा ले-आउट साहजिकच सुभेदारांकडे गेला. सुभेदार मिशीला पीळ देऊन भुसारीकाकूंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, मेला थो मेला. मिसिंग म्हणजे हजेरीवर नाव कायम. त्याच्या नावावर रेघ ओढाची नाही."

झालं. फौजेच्या दफ्तरातला एक शेरा भुसारींच्या घरात शास्त्र होऊन बसला. हजेरीवर नाव कायम म्हणून माधवची बायको शालिनी सवाष्ण. तिने वटपौर्णिमा करायची, हरतालिका करायची, प्रत्येक हळदीकुंकवाला पुढे बसायचं. आणि कुंकू लावताना कोणाचा हात जरा अडखळला तर काकू त्या बाईचं घर कायमचं बंद करीत. दरसाल तार आली त्या तिथीला सुभेदार येऊन माधवच्या दीर्घायुष्यासाठी होम करीत. होमाच्या धुरानेसुद्धा शालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं तर काकू तिला आत पाठवीत. घरात रडायची बंदी होती. रडणं म्हणजे माधवच्या नावावर रेघ ओढणं.

शालिनी आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. कामाची मुलगी, कमी बोलणारी. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. पेन्सिलींना टोक करता करता ती म्हणाली, "मला ते नीटसे आठवतही नाहीत आता, बाई. पण जेवढे आठवतात तेवढ्यावर एकदा रडू द्या म्हणावं मला. पुढचं मी बघते." पुढचं म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. सावनेरच्या शाळेतले एक विधुर मास्तर तिच्यासाठी थांबायला तयार होते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक सगळ्यांनाच होतं. ले-आउटमध्ये भिंती विटांच्या असतात, पण एकेरी असतात.

बारा वर्षं होऊन गेली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसासाठी आपल्याकडे एक विधी आहे. पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरून दिवस करायचे. घरच्यांना त्यातून सुटका मिळते. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा काकूंना न विचारता एक गोष्ट ठरवली, ती ही. घाटावर मयताची कामं करणाऱ्या भटजींकडे ते गेले. भटजींनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. म्हणाले, सुभेदार दरसाल त्याच्या दीर्घायुष्यासाठी होम करतात, खुद्द फौजी माणूस सांगतो की पोरगा जिवंत आहे, मग मी त्याला जाळू कसा? आधी सुभेदारांकडून वदवून आणा.

तोंडावर नकार घेऊन परतणं एवढं एकच काम नानांना चांगलं जमत असे. म्हणून मी गेले.

सुभेदार ओसरीवर बसून ताम्हण घासत होते. पूजेची भांडी ते वर्दीच्या बटणांसारखी चमकवत. कमलाकाकू शेजारी तांदूळ निवडत होत्या. मी आडवळण घेतलं नाही. मी विषय काढताच मिशी वर चढली.

"मास्तरीणबाई, मी काकूले जबान देली आहे. जवान मिसिंग आहे."

"बारा वर्षं?"

"मिसिंगले मुदत नसते."

मी म्हटलं, तुमच्या नोकरीत असे बेपत्ता झालेले किती जण परत आलेले पाहिले ते सांगा, मी लगेच जाते. ते ताम्हण घासत राहिले. ताम्हणात आता त्यांची मिशी दिसण्याइतकी चकाकी आली होती, तरी घासत राहिले. आणि मग कमलाकाकू, ज्यांना काही ऐकू येत नाही असं सगळा ले-आउट धरून चालला होता, तांदळातून मान वर न काढता म्हणाल्या, "सांगून टाका ना तिले. ट्रंका कोण बांधत होतं थे."

सुभेदारांनी ताम्हण खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते पहिल्यांदाच पोटातला आवाज न काढता सांगितलं. बासष्टच्या लढाईनंतर कोठीवरच्या लोकांना एक जास्तीचं काम लागलं होतं. जे परत आले नाहीत त्यांचं मागे राहिलेलं सामान बांधायचं. दोन शर्ट, आरसा, बायकोचा फोटो, कोणाची बासरी, कोणाच्या देवाची डबी. सुभेदारांची सगळी लढाई ती एवढी.

"मेलेल्याची ट्रंक घरी धाडाची," ते म्हणाले. "मिसिंगवाल्याची कुलूप लावून रॅकवर ठेवाची. पुरी रॅक भरली होती. त्यातला एक वापस आला. दाढी वाढलेली, पाय सडलेला, म्हणे माझी ट्रंक द्या. मी त्याले मिठी मारली, बाई. त्या एकाच्या भरोशावर मी काकूले सांगून राहिलो."

"आणि बाकीच्या ट्रंका?"

त्यांनी ताम्हण पुन्हा घासायला घेतलं. कमलाकाकूच बोलल्या. "हे रिटायर झाले तवा तिथंच होत्या."

इथवर आल्यावर माणसाने हो म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. सुभेदारांनी मिशी पुसली आणि आसनाचं काढलं. जो भटजी मयताचं काम करतो त्याला आमच्याकडे शुभकार्याला बोलावत नाहीत. त्याच्या हातचं पिंडदान चालतं, अक्षता चालत नाहीत. असा आमचा नियम आहे, आणि तो केला कोणी हे कोणालाच सांगता येत नाही. "एक डाव पुतळा जाळला का लग्नाचं आसन गेलं, मालूम आहे ना तुले?" ते म्हणाले. "हे लोक मले मांडवात उभं नाही करणार."

मी म्हटलं, "तुमच्या एका शब्दावर ती पोरगी बारा वर्षं रडायची थांबली आहे, आणि तुम्ही आसनाचं बोलून राहिले." मग उठले आणि घरी आले. उत्तराची वाट पाहत बसण्याइतका वेळ मला नव्हता, पोळ्या व्हायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट भुसारींच्या दाराशी दिसले. आत काय झालं ते नानांनी मला सांगितलं. सुभेदार काकूंसमोर उभे राहिले, बारा वर्षांपूर्वी राहिले होते त्याच जागी, आणि म्हणाले, "काकू, मी झूट नाही बोललो, पण पुरं खरंही नाही सांगितलं. माधव येत नाही." काकूंनी त्यांना आजपासून या घरात पाणीही मिळणार नाही असं सांगितलं आणि देवघरात जाऊन दार लावून घेतलं. नाना रडले. शालिनी उभी राहिली आणि शाळेत आली. त्या दिवशी तिने मुलींना पेरू काढायला शिकवला.

विधी कन्हान नदीच्या काठी करायचं ठरलं. पळसाला आमच्याकडे तोटा नाही, पण सुभेदारांना बाजारातली पानं चालेनात. स्वतः पारशिवनीकडच्या रानात जाऊन ते घेऊन आले. शालिनी येणार म्हणाली, तेव्हा बायका तिथे येत नाहीत असं दोघातिघांनी तिला ऐकवलं. मी म्हटलं, मीही येते, मग बायका येतात असं होईल. उमरेडहून तिची एक चुलत सासू खास आली होती. तिचा आणि माधवचा आयुष्यात फारसा संबंध नव्हता, पण सुनेच्या बांगड्या फोडायचा मान ती सोडणार नव्हती. घाटावरचे ते भटजीही आले होते, सुभेदारांच्या चुका काढायला.

चुका पुष्कळ झाल्या असतील. मंत्र म्हणताना सुभेदार दोनदा अडले, एकदा पोथीचं पान उलटं धरलं. पण पुतळा बांधताना ते कुठे अडले नाहीत. एकेक देठ उचलायचा, पुसायचा, लोकरीच्या धाग्याने आवळायचा, गाठ आत दडपायची. कोणी रस्त्यात हाताळलं तरी सुटू नये, अशा त्या गाठी होत्या. वाळूत तो पळसाचा जवान तयार झाला तेव्हा त्याचे पाय जुळलेले होते आणि हात अंगाला चिकटून होते. घाटावरचे भटजी काहीतरी बोलायला पुढे झाले आणि न बोलता मागे सरले. नानांनी अग्नी दिला. पळस पटकन पेटतो.

पुतळा जळला तशी उमरेडकर सासू पुढे झाली. "हात पुढे कर वं पोरी," असं म्हणत तिने शालिनीचं मनगट धरलंसुद्धा. पदरात दगड बांधून आणला होता.

"बाई, थांबा," सुभेदार म्हणाले. "इथं हुकूम माझा आहे."

"रीत आहे, सुभेदार," घाटावरचे भटजी म्हणाले.

"असन. जवान गेला तवा आपण सारे हिले हळदीकुंकवाले बसवून राहिलो होतो. आता हे फोडून कोणाले दाखवाचं?"

सासूने मनगट सोडलं नाही, पण दगडही उचलला नाही. आणि शालिनी कोरडी उभी होती. जिने एवढी वर्षं रडणं मागितलं ती रडण्याची वेळ आली तेव्हा उभी राहून सगळ्यांकडे पाहत होती, कारण सगळे तिच्याकडे पाहत होते. तिथले सगळे जण ती कधी रडते याची वाट पाहत होते. मीसुद्धा. सुभेदारांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आमच्या रांगेकडे एकदा पाहिलं, छाती भरली आणि ब्रह्मदेशात ऐकू जावा असा हुकूम सोडला.

"सगळे, पीछे मुड."

आणि सगळे वळले. नानांचे साडू, माझा नवरा, पोस्टातले दोघं पेन्शनर, उमरेडची सासू, घाटावरचे भटजी. ज्यांनी जन्मात कवायत केली नव्हती तेही टाच फिरवून वळले. मी कोणाचा हुकूम ऐकणारी बाई नाही, पण मीही वळले. सुभेदार स्वतः सगळ्यांत शेवटी वळले.

मग आमच्या पाठीमागे शालिनी रडली. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग आवाज. बराच वेळ चाललं. आम्ही सगळे कन्हानच्या वाळूकडे तोंड करून उभे होतो, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. तिचं झालं तेव्हा तिने नदीवर जाऊन तोंड धुतलं. त्या पाण्यात कुंकू आपोआप गेलं. मंगळसूत्र काढून तिने नानांच्या हातात ठेवलं. बांगड्या तिच्या हातात तशाच राहिल्या, आणि आजही ती घालते.

आता आमच्या ले-आउटचं सांगते. नदीवर ज्या लोकांनी पाठमोरं राहून रुमालाने डोळे टिपले, त्यांनीच पुढच्या लग्नसराईत दुसरा भटजी आणला. वाईट कोणी बोललं नाही. उलट, सुभेदारांनी काय काम केलं, असं सगळे म्हणायचे आणि अक्षतांसाठी महालातून माणूस बोलवायचे. तो दीड तास उशिरा यायचा, आत्याबायका पोरीला कॉलेजपर्यंत नेऊन पोचवायच्या, आणि जेवणं गार व्हायची. सुभेदारांना आता फक्त मयताला निरोप येई. ते म्हणत, पोस्टिंग बदलली. तिथेही त्यांनी शिस्त आणली. खांदेकऱ्यांचे पाय जुळवून घेत, भलतीकडेच रडत बसलेल्या नातेवाइकांना रांगेत आणत. त्या काळात आमच्या ले-आउटमधून जे गेले ते सगळे वेळेवर गेले.

शालिनीचं लग्न सावनेरला नोंदणी पद्धतीने झालं. तिने स्वतः येऊन सुभेदारांना बोलावलं. ते गेले नाहीत. म्हणाले, शुभाले मी चालत नाही आता. मी त्यांच्याशी कडकडून भांडले. म्हटलं, ज्या नियमाने तुमचं आसन गेलं त्याच नियमाला तुम्ही सलाम ठोकून बसलात? त्यांनी ऐकून घेतलं आणि गेले नाहीत ते नाहीतच. माणूस पूर्ण सुधारत नाही. एखाद्या कामापुरता सुधारतो, आणि तेवढ्यावर आपण त्याला चांगलं म्हणायचं असतं.

भुसारीकाकूंचं मात्र राहिलं. त्यांनी सुतक पाळलं नाही, दिवसांना त्या उठल्या नाहीत. शालिनी सावनेरला गेली तेव्हा तिची ओटी भरली नाही. पण विधी झाला तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवेलागणीला सुभेदार सायकल घेऊन भुसारींच्या फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. फाटकाच्या आत पाऊल टाकायची त्यांना बंदी होती. काकू ओसरीवर येत आणि बोलायला लागत. तुम्ही माझा मुलगा मारला. तुम्ही माझी सून घालवली. डाळ मोजणारा माणूस तू, तुला काय माहीत रणात काय होतं. कधी अहो, कधी अरे. सुभेदार टाचा जुळवून उभे असत. काकू थकून आत गेल्या की हे सायकलवर बसत.

मी एकदा वैतागून विचारलं, हा काय तमाशा, कशाला जाता रोज? ते म्हणाले, "कोणाले तरी बोलली पाहिजे ना थे. नानाले बोलन तर नाना मरन. पोरीले बोलन तर पोरगी तिकडं सुखानं जेवन काय? मले सवय आहे. फौजेत शिव्या खाऊनच मोठा झालो."

ते गेले ते साध्या तापाने. तीन-चार दिवस आजारी होते, त्यात कमलाकाकूंना सांगून ठेवलं होतं की उशीर करायचा नाही, लांबच्या नातेवाइकांसाठी थांबायचं नाही. काकूंनी थांबवलं नाही. घाटावरच्या त्याच भटजींनी सगळं केलं, आणि भरभर उरकलं. माझा नवरा म्हणाला, सुभेदार असते तर यांना पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी दिवा लावत होते. फाटक वाजलं. भुसारीकाकू होत्या. पुतळा जाळला तेव्हापासून त्या कोणाच्या दारात गेल्या नव्हत्या. पदर घट्ट लपेटून त्या माझ्या ओसरीत आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कुसुम, आता मी कोणाला बोलू वं?"

म्हटलं, "मला बोला. त्यांच्याकडे मीच गेले होते."

ते त्यांना ठाऊक होतंच. त्या बोलल्या. खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. मी खुर्चीत बसून ऐकत होते. माझ्याबद्दल, माझ्या शाळेबद्दल, शिकलेल्या बायकांबद्दल बोलल्या, तोवर ठीक होतं. मग त्या शालिनीबद्दल एक वाक्य बोलल्या. ते मी इथे लिहीत नाही. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, हे बरोबर नाही, तिने काय करायला हवं होतं?

काकू थांबल्या. रागावल्या नाहीत. एखाद्या नवख्या माणसाला कामाची पद्धत समजावून सांगावी तशा म्हणाल्या, "सुभेदार उत्तर देत नव्हते."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. म्हटलं, "बोला."